आठ पानांची गोष्ट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात निवृत्त चित्रकला शिक्षकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सव समितीने मला 'चित्रकला आणि संस्कार' या विषयावर बोलण्यास सांगितले होते. मी होकार दिला आणि घरी जाऊन दोन दिवस विचार केला. संस्कारांवर बोलण्याचा माझा अधिकार कितपत, याविषयी मला शंका आहे. ती का, हे शेवटी सांगणारच आहे. तेव्हा समितीची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी तुम्हाला योशिहिरो तात्सुमी नावाच्या एका जपानी चित्रकाराची हकीकत सांगणार आहे. हा माणूस कोणत्याही चित्रशाळेत शिकला नाही. छोट्या छोट्या चित्रकथा काढत तो चित्रकार झाला.

बडोद्यात उभे राहून असे बोलणे थोडे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. १९५० साली ज्या गावातल्या विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि जिथे देशभरातून मुले चित्रकला शिकायला येतात, तिथे चित्रशाळेविना घडलेल्या माणसाचे गुणगान कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु याच गावातल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात ज्यांची चित्रे आपण सहलीला जाऊन पाहतो, ते राजा रविवर्मा तरी कोणत्या चित्रशाळेत गेले होते? त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना दुरून पाहणे, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. तैलरंगांची बाकीची विद्या त्यांनी स्वतः चुका करत मिळवली. असो. रविवर्म्यांवर बोलणारे इथे पुष्कळ आहेत.

माझ्यापुरता हा विषय निघाला तो गेल्या वर्षी दिवाळीनंतर. एक पालक माझ्या घरी आल्या. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत आठवीत शिकते. बाईंच्या पिशवीत तीन वह्या होत्या. "सर, ही दिवसभर जपानी कॉमिक्स काढत बसते. वहीसुद्धा उलटीकडून भरते. तुम्ही तिला जरा खऱ्या चित्रकलेकडे वळवा," असे त्या म्हणाल्या. वही खरोखरच उलटीकडून भरलेली होती. मला वाटले, मागच्या पानापासून चित्रे काढणे हा तर आमच्या वेळच्याही मुलांचा उद्योग! तेव्हा मुलीने मला समजावून सांगितले की जपानी चित्रकथा, म्हणजे ज्याला ते 'मांगा' म्हणतात त्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. आपले शेवटचे पान हे त्यांचे पहिले पान. सत्तरी ओलांडल्यावर एका आठवीतल्या मुलीकडून मी पुस्तक कसे धरायचे ते शिकलो.

तिन्ही वह्या मी ठेवून घेतल्या आणि रात्री निवांत पाहिल्या. पहिल्या वहीत शिक्षकाला अपेक्षित असते तेच होते. सगळे चेहरे डावीकडे पाहणारे, कारण उजव्या हाताने काढणाऱ्याला तसाच चेहरा सोपा जातो. सगळ्या पात्रांचे हात पाठीमागे किंवा खिशात. हात काढता येत नसले की मुले पात्रांचे हात लपवतात, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. परंतु तिसऱ्या वहीत हात बाहेर आले होते. एका गोष्टीत एक मुलगी पावसात आपली छत्री दुसरीला देते. छत्री द्यायची तर हात काढणे भाग होते. तिने तो काढला होता, खोडून पुन्हा काढला होता, कागद भोकापर्यंत झिजला होता, पण पाचव्या चौकटीत छत्रीच्या दांड्यावर चार बोटे आणि अंगठा नीट बसला होता. मी वर्गात फळ्यावर हाताची आकृती काढून, बोटांची प्रमाणे सांगून मुलांना जे शिकवू शकलो नाही, ते तिच्याकडून एका गोष्टीने करवून घेतले होते.

या मुलीने ज्यांच्या गोष्टी वाचल्या ते चित्रकार स्वतः कसे शिकले असतील, असे कुतूहल मला वाटू लागले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला तात्सुमींचे 'अ ड्रिफ्टिंग लाइफ' हे चित्ररूप आत्मकथन इंग्रजी भाषांतरात आणून दिले. आठशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ आहे. तो काढायला त्यांना अकरा वर्षे लागली. त्यात त्यांनी स्वतःचे नाव थोडे बदलले आहे, पण कथा त्यांचीच आहे.

तात्सुमींचा जन्म १९३५ साली ओसाका शहरात झाला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा तो दहा वर्षांचा मुलगा होता, आणि आत्मकथनाची सुरुवात त्याच दिवसापासून होते. शहर बेचिराख, घरात पैशाची ओढाताण, वडिलांच्या धंद्याचा भरवसा नाही. अशा दिवसांत मिठाईच्या दुकानांत आणि रस्त्याकडेला हलक्या कागदावर छापलेली, भडक लाल मुखपृष्ठांची चित्रकथांची पुस्तके मिळत. मुले ती हावऱ्यासारखी वाचत. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एक तरुण, ओसामु तेझुका, त्या पुस्तकांतून एकाएकी प्रसिद्ध झाला. १९४७ साली आलेल्या त्याच्या 'नवे रत्नद्वीप' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकाने जपानमधली एक पिढी चित्रे काढायला बसली. पुढे तेझुकांनी भगवान बुद्धांच्या जीवनावर अनेक खंडांची चित्रकथा काढली. ती आपल्याकडेही इंग्रजीतून पोचली आहे, तेव्हा तुमच्यापैकी काहींना हे नाव अपरिचित नसावे.

तात्सुमीने सुरुवात केली ती पोस्टकार्डांपासून. त्या काळी मुलांची मासिके वाचकांकडून चार चौकटींची विनोदी चित्रे मागवत. 'मांगा शोनेन' नावाच्या मासिकाचे वाचकांसाठीचे सदर त्यात विशेष प्रसिद्ध होते. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी चित्रकारांची पहिली चित्रे या सदरात छापून आली. तात्सुमी आणि त्याचा मोठा भाऊ ओकिमासा दोघेही कार्डावर चार चौकटी आखून चित्रे काढत आणि टपालात टाकत. मग पुढच्या अंकाची वाट पाहणे. छापून आले तर नाव, कधी किरकोळ बक्षीस. नाही आले तर पुन्हा दुसरे कार्ड.

या कार्डांपाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला वाटते खरी शाळा तीच होती. पोस्टकार्डाएवढ्या जागेत चार चौकटी म्हणजे किती लहान जागा, याची कल्पना करा. तेवढ्यात माणूस कोण ते कळले पाहिजे, काय घडते ते कळले पाहिजे आणि शेवटी हसू आले पाहिजे. चेहऱ्यावर पाच रेषा जास्त काढल्या तर छपाईत त्यांचा काळा गोळा होणार. चूक झाली तर नुकसान एका कार्डाचे आणि एका संध्याकाळचे. शिवाय घरातल्या कौतुकापेक्षा वेगळा असा एक परीक्षक दूर कुठेतरी बसलेला आहे, त्याला तुम्ही कोण ते ठाऊक नाही, आणि तो होय किंवा नाही एवढेच सांगतो. आपल्याकडे चित्रकलेच्या स्पर्धेत मुलाला वर्षातून एकदा बक्षीस मिळते किंवा मिळत नाही. या मुलाला होकार किंवा नकार पुन्हा पुन्हा मिळत होता.

ओकिमासाची गोष्ट मात्र वेगळी झाली. त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा आजार जडला होता. चित्रकलेत हात दोघांचाही, पण एक अंथरुणावर आणि दुसऱ्याचे नाव मासिकात. आजारपण आणि मत्सर यांच्या भरात थोरल्याने धाकट्याची काही चित्रे नष्ट केली. ज्यांच्या घरात दोन मुले आहेत त्यांना हे प्रसंग समजावून सांगायला नकोत. तात्सुमींनी हे सारे लपवले नाही, आणि भावाला खलनायकही केले नाही. हाच भाऊ पुढे बरा झाला, शोइची साकुराई या नावाने स्वतः चित्रकथा काढू लागला आणि नंतर प्रकाशक झाला.

मासिकांतून एकमेकांची नावे वाचणाऱ्या मुलांशी तात्सुमीचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यांनी मुलांची एक चित्रकथा मंडळी काढली. त्या मंडळीची बातमी एका वृत्तपत्राच्या बालविभागापर्यंत गेली आणि त्या वृत्तपत्राने या मुलांची तेझुकांबरोबर बैठक घडवून आणली. शाळकरी पोराने आपल्या देवासमोर बसायचे, म्हणजे काय झाले असेल! तेझुकांनी त्याची चित्रे पाहिली, त्याला घरी येऊ दिले, आणि सल्ला दिला की आता लांब गोष्टी काढून पाहा. नोबोरू ओशिरो या दुसऱ्या ज्येष्ठ चित्रकारानेही त्याचे काम तपासले, आणि आपल्याकडे राहून शिकण्याचे आमंत्रण दिले. तेव्हा 'स्वयंशिक्षित' या शब्दाचा अर्थ जपून घ्यायला हवा. तात्सुमीला वर्ग नव्हता, अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. पण त्याला भाऊ होता, पत्रमित्र होते, कधीतरी भेटणारे दोन ज्येष्ठ होते, आणि कार्डावर होय-नाही करणारे संपादक होते. एकट्याने खोलीत बसून कोणी शिकला, असे मला या ग्रंथात कुठेच दिसले नाही.

१९५४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याचे 'मुलांचे बेट' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. कॉलेजची प्रवेशपरीक्षा मात्र त्याने जाणूनबुजून अर्धवट सोडली. समोर बसलेल्या नववी-दहावीच्या मुलांना विनंती आहे की हे वाक्य घरी जाऊन सांगू नये.

त्या काळात जपानमध्ये भाड्याने पुस्तके देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. विकत घेणे परवडत नसे, म्हणून लोक थोड्या पैशांत पुस्तक रात्रीपुरते घरी नेत. बडोदेकरांना यात नवल वाटू नये. १९१० च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून या संस्थानात ग्रंथालये उभी केली, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरवली. जपानची दुकाने धर्मादाय नव्हती, तो उघड धंदा होता, पण वाचणारा तसाच, खिशात पैसे नसलेला. या दुकानांसाठी पुस्तके काढणारे ओसाकातले प्रकाशक मोठे नव्हते. मानधन कमी, मुदत तोकडी. परंतु टोकियोतल्या मोठ्या मासिकांना जे चालले नसते ते इथे चालत असे, कारण या दुकानांत लहान मुलांबरोबर कारखान्यात जाणारी पंधरा-अठरा वर्षांची मुलेही येत.

१९५६ साली हिनोमारू बुंको या ओसाकातल्या प्रकाशन संस्थेने 'कागे', म्हणजे 'सावली', या नावाचा चित्रकथांचा संग्रह सुरू केला. त्यात एका जिल्दीत अनेक चित्रकारांच्या छोट्या रहस्यकथा असत. तात्सुमी, मासाहिको मात्सुमोतो आणि ताकाओ साइतो हे तिघे तरुण त्यात काढू लागले. यांतले साइतो हे पुढे 'गोल्गो १३' ही १९६८ पासून आजवर चाललेली मालिका काढून अतिप्रसिद्ध झाले. त्या वेळी मात्र तिघेही धडपडे होते आणि एकमेकांची पाने चोरून पाहत. मात्सुमोतोने एका प्रसंगात मनुष्य जिना चढतो ते पाच चौकटींत दाखवले की तात्सुमीला झोप येत नसे, अशा प्रकारची ती चुरस होती. (हे उदाहरण माझे आहे, चुरस त्यांची.) चित्रपटात कॅमेरा जसा एका क्षणावर थांबतो, तसे कागदावर कसे थांबायचे, हा त्यांचा प्रश्न होता. दाराची मूठ, वळणारी मान, रिकामा रस्ता. शब्द एकही नाही.

त्याच वर्षी तात्सुमीने 'कुरोई फुबुकी' म्हणजे 'काळे हिमवादळ' ही सुमारे सव्वाशे पानांची रहस्यकथा वीस दिवसांत काढून पूर्ण केली. एका बेडीत अडकलेले दोन कैदी अपघातानंतर हिमवादळात पळतात, अशी ती कथा. मी ती पाहिली आहे. चित्रे घाईची आहेत, माणसांची शरीरे काही ठिकाणी लाकडी वाटतात. पण वादळ मात्र अंगावर येते. तिरप्या रेषांनी पानेच्या पाने भरली आहेत. शरीररचना जमत नव्हती, तेव्हा जे जमत होते त्याच्यावर त्याने सगळा भार टाकला. माझ्यासारख्या शिक्षकाने ही पाने तपासली असती तर लाल पेन्सिलीने गुडघे दुरुस्त केले असते आणि वादळ पाहिलेच नसते.

पुढच्या वर्षी त्याने आपल्या या कामाला नवे नाव दिले. 'मांगा' या शब्दात गंमत, हलकेपणा यांचा भाव आहे. आपले काम गमतीचे नाही, म्हणून 'गेकिगा', म्हणजे नाट्यमय चित्रे. १९५९ साली या नावाची कार्यशाळाच त्यांनी स्थापन केली. तेझुकांच्या गोल, बालसुलभ रेषेला हे एक प्रकारचे उत्तर होते. ज्याच्या घरी जाऊन शिकलो त्याच्या विरुद्ध उभे राहणे, हे आपल्याकडे गुरुद्रोहात मोडते. तिथेही ते सोपे गेले नसावे.

आता मी माझ्या शीर्षकाकडे येतो. साठच्या दशकाच्या शेवटी भाड्याच्या पुस्तकांची दुकाने ओस पडत गेली. १९६९ मध्ये तात्सुमी, आता चौतिशीत आलेले, 'गेकिगा यंग' या नियतकालिकासाठी काढू लागले. तिथे प्रत्येक गोष्टीला जागा साधारण आठ पानांची. ज्या माणसाने सव्वाशे पाने वीस दिवसांत भरली होती, त्याला आठ पाने म्हणजे शिक्षाच. पानाला सहा चौकटी धरल्या तर सारी गोष्ट पन्नासेक चौकटींत संपवायची. जिना चढायला पाच चौकटी देण्याची चैन बंद.

या आठ पानांच्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. इथे पालकांना सावध करणे माझे कर्तव्य आहे. या गोष्टी मुलांसाठी नाहीत, फार कडू आहेत. त्यांतली माणसे गटारात काम करणारी, कचरा जाळणारी, गर्दीच्या वेळी स्टेशनवर प्रवाशांना डब्यात ढकलण्याची नोकरी करणारी. जपान श्रीमंत होत असताना मागे राहिलेले लोक. बहुतेक नायकांचा चेहरा एकसारखा आहे आणि ते क्वचितच बोलतात. कथाबीजे त्यांना वर्तमानपत्रांतल्या छोट्या बातम्यांतून आणि पोलिसी हकिकतींतून मिळत. परंतु चित्रकार म्हणून मला जे दिसले ते असे: पहिल्या पुस्तकांत हे चित्रकार प्रसंग दाखवतात, इथे प्रसंग गाळतात. माणूस घरी येतो, बायको पाठमोरी आहे, नळ गळतो आहे, एवढ्या तीन चौकटी. भांडण झाले की नाही ते दाखवलेलेच नाही, तरी आपल्याला कळते. ही गाळण्याची दृष्टी त्यांना कोणी दिली? माझे मत असे की ती जागेच्या टंचाईने दिली. पोस्टकार्डाच्या चार चौकटींत जो मुलगा शिकला होता, तो वीस वर्षांनी आठ पानांत पुन्हा त्याच शाळेत आला, फक्त या वेळी विनोद नव्हता.

या छोट्या कथांवर हात पक्का झाल्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी हिरोशिमाविषयी 'नरक' ही कथा काढली. अणुबाँबनंतर भिंतीवर उमटलेली दोन सावल्यांची आकृती एक छायाचित्रकार टिपतो. मुलगा आईचे खांदे चेपतो आहे, असे सर्वांना वाटते, आणि ते छायाचित्र शांततेचे प्रतीक होते. पुढे सत्य निराळेच निघते. काय निघते ते मी सांगत नाही. ज्यांना वाचायचे असेल त्या मोठ्यांनी वाचावे.

प्रसिद्धी त्यांना उशिरा मिळाली. अनेक वर्षे ते टोकियोत जुन्या चित्रकथांचे दुकान चालवत. २००५ पासून इंग्रजी भाषांतरे निघाली, जगाला ते ठाऊक झाले. २००९ साली 'अ ड्रिफ्टिंग लाइफ'साठी त्यांना जपानचा मोठा सन्मान मिळाला, आणि त्या पुरस्काराला नाव होते ओसामु तेझुकांचे. २०११ साली एरिक खू या सिंगापूरच्या दिग्दर्शकाने त्यांच्यावर ॲनिमेशनपट केला. २०१५ च्या मार्चमध्ये ते गेले.

पालकांनी मला विचारले की मग आम्ही काय करावे. मी त्या आठवीतल्या मुलीच्या आईला जे सांगितले तेच सांगतो. तिला एका मोठ्या कादंबरीएवढ्या चित्रकथेचा संकल्प करू देऊ नका. वीस भागांची योजना आखणारी मुले माझ्या वर्गात पुष्कळ होती. पहिल्या भागाचे मुखपृष्ठ सुंदर निघायचे, आणि तिथेच सारे थांबायचे. चार पानांची गोष्ट काढू द्या, पण ती संपवू द्या. जपानी चित्रकार आधी ओबडधोबड कच्चा आराखडा करतात, त्याला ते 'नेमु' म्हणतात. त्यात माणसे म्हणजे नुसत्या काड्या असल्या तरी चालते, पण कोणत्या चौकटीत काय हे ठरते. तो आराखडा तिला करायला सांगा. गोष्ट संपली की घरातल्याखेरीज दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, आणि वाचणाऱ्याने 'छान' म्हणू नये, कुठे कळले नाही ते बोट ठेवून दाखवावे. मग पुढची गोष्ट. स्थिरचित्र, निसर्गचित्र, मानवाकृती यांचा अभ्यास तिने जरूर करावा, मी त्या मताचा अजूनही आहे. पण तो तिला हवा होईल तेव्हा ती स्वतः मागेल. छत्रीसाठी तिने हात मागितलाच होता. परवा ती आली होती आणि सायकलवर बसलेला माणूस पाठीमागून कसा काढायचा ते विचारत होती. माझ्या नोकरीच्या साऱ्या काळात हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून समोरच्या दुकानदाराची सायकल मागून आणली.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट.

१९८९ साली नववीच्या वर्गात एक मुलगा होता. एलिमेंटरीची परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झालेला. एकदा माझ्याच तासाला मी मडके आणि दोन लिंबे मांडून ठेवली होती, आणि हा बाकाखाली शंभर पानी वहीत काही काढत होता. मी वही घेतली. तेव्हा मराठीतून येणारी इंद्रजाल कॉमिक्स मुलांच्या हातात असत, आणि वहीत मुखवटा घातलेला एक नायक होता. मी वर्गासमोर ती वही उंच धरली आणि म्हणालो, "याला मडके काढता येत नाही आणि हा वेताळ काढतो." वर्ग हसला. मुलगा हसला नाही. वर्षअखेरीस वही परत देईन, असे मी सांगितले. तो इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसला नाही. उन्हाळ्यात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि दाखला घेऊन ते कुटुंब गेले.

मी ती वही परत दिली नाही. शिक्षक खोलीच्या कपाटात ती राहिली, आणि निवृत्त होताना इतर कागदांबरोबर माझ्या घरी आली. इतकी वर्षे मी ती उघडली नव्हती. तीन वह्यांची रात्र संपल्यावर मी ट्रंक काढली आणि ती पाहिली.

वहीत अकरा गोष्टी आहेत, कोणती चार पानांची, कोणती सहा. मुखवट्याचा नायक फक्त पहिल्या तीन गोष्टींत आहे. मी वर्गात वाचून दाखवले ते तेवढेच. चौथ्या गोष्टीपासून मुखवटा नाही. रात्रपाळीहून घरी येणारा एक बाप आहे, झोपलेली मुले आहेत, स्टोव्हवर झाकून ठेवलेले जेवण आहे. सातव्या गोष्टीत बाप जेवताना आवाज होऊ नये म्हणून वाटी हातात धरून ठेवतो. ती वाटी आणि तो हात असा काढला आहे की मी आजही तसा काढू शकणार नाही. अकरावी गोष्ट अपुरी आहे. पाचव्या पानावर पट्टीने आखलेल्या सहा चौकटी आहेत, तीन भरलेल्या, तीन रिकाम्या. त्या दिवशी मी वही घेतली तेव्हा तो इथवर आला होता.

त्याचा पत्ता मला ठाऊक नाही. शाळेच्या जुन्या नोंदींत मिळाला नाही. आता तो पन्नाशीचा असेल. त्याचे नाव मी इथे घेत नाही, कारण ते घेण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतलेली नाही. पण हा स्मरणग्रंथ दूरदूरच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणार आहे, असे समितीने मला सांगितले आहे. १९८९ च्या नववीतल्या कोणाला मडके आणि लिंबांचा तो तास आठवत असेल, तर त्याने त्याला कळवावे. वही मी तपकिरी कागदात गुंडाळून मुख्याध्यापिका बाईंच्या स्वाधीन केली आहे. वर माझा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे. आतल्या एकाही पानावर मी खूण केलेली नाही.